हळूहळू सुटणारं औषध: विघटनशील पॉलिमरच्या मायक्रोस्फिअरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि फार्मसीला गेली की सगळं एकदम इंग्रजीत समोर येतं. सातव्या सेमिस्टरला मायक्रोस्फिअर येतात, पाठ होतात, पण आत नेमकं काय घडतं हे बऱ्याचदा अंधारातच राहतं. खालचे प्रश्न अशा मुलांचे आहेत, आणि काही पेशंटच्या घरच्यांचे. दोघांची उत्तरं मुद्दाम एकाच ठिकाणी दिली आहेत. औषध बनवणाऱ्याला ते घेणाऱ्याचे हाल ठाऊक असलेच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

मायक्रोस्फिअर म्हणजे काय?

पॉलिमरचे, म्हणजे लहान रेणूंच्या लांब साखळ्यांनी बनलेल्या पदार्थाचे, अगदी बारीक गोल कण. इंजेक्शनसाठी वापरतात ते बहुतेक १० ते १०० मायक्रॉनचे असतात. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नुसत्या डोळ्यांना पांढरी पूड दिसते. औषध त्या कणाच्या अंगभर विखुरलेलं असतं. औषध मधोमध आणि वरून कवच अशी रचना असेल तर त्याला मायक्रोकॅप्सूल म्हणतात. ही पूड पाणीदार द्रावणात मिसळून स्नायूत किंवा कातडीखाली टोचली, की कण तिथंच बसून राहतात आणि आठवडे किंवा महिने थोडं थोडं औषध सोडतात.

रोज गोळी घेता येत असताना हा खटाटोप कशाला?

ज्याचं गोळीवर भागतं त्याला गोळीच बरी. ती स्वस्त पडते, आणि त्रास झाला तर उद्यापासून बंद करता येते.

पण काही औषधं तोंडावाटे देताच येत नाहीत. प्रोस्टेटच्या कॅन्सरवरचं ल्युप्रोलाइड हे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचाच छोटा तुकडा आहे, पोटात गेलं तर पचून जाईल. ते रोज टोचण्याऐवजी ७.५ मिलिग्रॅम मायक्रोस्फिअरमध्ये भरून महिन्यातून एकदा देतात. अमेरिकेत हे इंजेक्शन १९८९ साली मंजूर झालं. त्याआधी, १९८६ मध्ये, ट्रिप्टोरेलिनचं असंच इंजेक्शन युरोपात आलं होतं. स्किझोफ्रेनियात अडचण वेगळी असते. औषध थांबलं की आजार उलटतो, आणि आपल्याला औषधाची गरज नाही असं वाटणं हा त्या आजाराचाच भाग असतो. तिथं रिस्पेरिडोनचं दर दोन आठवड्यांचं इंजेक्शन उपयोगी पडतं. दारू सोडलेल्या माणसाला नॅल्ट्रेक्सोन महिन्यातून एकदा टोचलं, तर गोळी घ्यायची की नाही हा झगडा रोज सकाळी करावा लागत नाही.

आपल्या भागात याचं मोल जास्त आहे. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसाला दवाखाना गाठायचा म्हणजे अख्खा दिवस मोडतो. चंदगड, गडहिंग्लजकडचे पेशंटही बेळगावला येतात. ऊसतोडीच्या दिवसांत घरातली कर्ती माणसं पहाटेपासून फडात असतात. आजारी माणसाला वेळेवर गोळी द्यायला घरी कुणी उरत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच मनात पक्की करा. असं इंजेक्शन एकदा दिलं की परत काढून घेता येत नाही. खालची बहुतेक उत्तरं याच गोष्टीतून आलेली आहेत.

पॉलिमरचं पुढं काय होतं? प्लॅस्टिक आत राहून जातं का?

नाही. सगळ्यात जास्त वापरतात तो पॉलिमर म्हणजे पीएलजीए. लॅक्टिक अ‍ॅसिड आणि ग्लायकोलिक अ‍ॅसिड यांचे रेणू एस्टर बंधांनी साखळीत जोडले की तो तयार होतो. शरीरातलं पाणी हे बंध एकेक करून तोडत जातं. साखळ्या तुटून आखूड झाल्या की पाण्यात विरघळतात, आणि शेवटी पुन्हा तीच दोन अ‍ॅसिडं उरतात. लॅक्टिक अ‍ॅसिड तर आपल्या स्नायूंत रोजच तयार होतं. पेशी त्याचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून टाकतात. ग्लायकोलिक अ‍ॅसिडचा काही भाग लघवीवाटे जातो. ऑपरेशननंतर आपोआप विरघळणारे टाके याच घराण्यातल्या पॉलिमरचे असतात आणि ते १९७०च्या दशकापासून वापरात आहेत.

विघटन होतं कसं, हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. साबणाची वडी बाहेरून झिजत लहान होत जाते. पीएलजीएचा कण तसा झिजत नाही. पाणी आधी त्याच्या अंगभर मुरतं आणि बंध सगळीकडे एकाच वेळी तुटायला लागतात. बाहेरून कण बरेच दिवस जसाच्या तसा दिसतो, आतून मात्र कमजोर होत जातो. शिवाय तयार झालेलं अ‍ॅसिड मोठ्या कणाच्या गाभ्यातून लवकर बाहेर पडू शकत नाही, आणि तेच अ‍ॅसिड उरलेले बंध तोडायला मदत करतं. त्यामुळं मोठ्या कणाचा गाभा त्याच्या कडेपेक्षा आधी पोकळ होऊ शकतो.

आमच्या प्रोजेक्टमध्ये इथाइल सेल्युलोज वापरलंय. ते विघटनशील म्हणायचं का?

म्हणू नका. इथाइल सेल्युलोज आणि युड्रॅजिट या पॉलिमरचे मायक्रोस्फिअर छान बनतात आणि पॉलिमरही स्वस्त मिळतो. पण ते शरीरात तुटत नाहीत. तोंडावाटे दिलेल्या औषधात चालतात, कारण रिकामे कण शौचावाटे निघून जातात. टोचायचे असतील तर अजिबात चालणार नाहीत. प्रोजेक्टच्या शीर्षकात ‘विघटनशील’ लिहून आत इथाइल सेल्युलोज असलेले अहवाल पाहिले की वाईट वाटतं, कारण मुलांनी मेहनत खरी केलेली असते.

जिलेटिन, कायटोसान, अल्जिनेट हे नैसर्गिक पर्याय विघटनशील आहेत. पण दर खेपेला माल सारखाच येईल याची खात्री नसते आणि लहान रेणूंची औषधं त्यांतून लवकर निसटतात.

५०:५० आणि ७५:२५ म्हणजे काय?

पीएलजीएच्या साखळीतल्या लॅक्टाइड आणि ग्लायकोलाइड, म्हणजे वर सांगितलेल्या दोन अ‍ॅसिडांपासूनचे भाग, यांचं प्रमाण. लॅक्टाइडला पाणी कमी आवडतं, म्हणून ते जास्त असेल तर पॉलिमर जास्त टिकतो. ५०:५० साधारण १ ते २ महिन्यांत तुटतो, ७५:२५ला ४ ते ५ महिने लागतात, आणि नुसता पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड वर्षभराहून जास्त टिकतो.

हे पॉलिमर तुटायचे महिने आहेत, औषध सुटायचे नव्हेत. औषध किती दिवस सुटेल हे कणाचा आकार, औषधाचं प्रमाण आणि कणातली छिद्रं यांवरही ठरतं. एकाच ५०:५० लेबलच्या दोन बाटल्यासुद्धा वेगळ्या वागतात. साखळीची लांबी वेगळी असते. साखळीच्या टोकाला मोकळं अ‍ॅसिड असेल तर पाणी लवकर शिरतं, एस्टर असेल तर उशिरा. म्हणून वहीत नुसतं ‘पीएलजीए ५०:५०’ लिहून भागत नाही. रेणुभार, टोकाचा प्रकार आणि लॉट नंबर तिन्ही लिहा.

मेटफॉर्मिनचं महिनाभराचं इंजेक्शन करू का?

विषय ठरवण्याआधी कागदावर पाच मिनिटं गणित करा. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन दिवसाला ५०० मिलिग्रॅम धरलं तरी महिन्याला १५ ग्रॅम औषध झालं. कणात औषध २० टक्के बसलं तर ७५ ग्रॅम पूड टोचावी लागेल! ल्युप्रोलाइडला महिन्याला ७.५ मिलिग्रॅम पुरतं, म्हणून ते जमलं. नॅल्ट्रेक्सोनच्या इंजेक्शनमध्ये ३८० मिलिग्रॅम औषध असतं, आणि तेवढ्यासाठीही जवळजवळ ४ मिलिलिटर कुल्ल्याच्या स्नायूत द्यावं लागतं. त्याच्या फार पुढं जाता येत नाही. कमी मात्रेत काम करणारं आणि ३७ अंशांना आठवडेच्या आठवडे टिकणारं औषधच निवडा.

मायक्रोस्फिअर प्रत्यक्ष बनवतात कसे?

कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमणारी पद्धत म्हणजे इमल्शन (एका द्रवात न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रवाचे बारीक थेंब) करून द्रावक उडवणं. आधी पीएलजीए आणि औषध डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून घ्यायचं. पॉलिमर १० टक्क्यांच्या आसपास धरून सुरुवात करा. दुसरीकडे पाण्यात १ टक्का पॉलिव्हिनाइल अल्कोहोल म्हणजे पीव्हीए तयार ठेवायचं. पीव्हीए थंड पाण्यात नीट विरघळत नाही, गुठळ्या होतात. पाणी ८०-९० अंशांपर्यंत तापवून ढवळा, निवू द्या, गाळा. पीव्हीए ८७ ते ८९ टक्के हायड्रोलाइज्ड असलेलं घ्या. पूर्ण हायड्रोलाइज्ड ग्रेड इथं तितकं चांगलं काम करत नाही.

मग पॉलिमरचं द्रावण बारीक धारेनं ढवळत्या पीव्हीएत सोडायचं. त्याचे थेंब होतात आणि पीव्हीए त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. डायक्लोरोमिथेन ४० अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळं फ्यूम हूडमध्ये उघड्या बीकरमध्ये तीनचार तास ढवळत ठेवलं की खोलीच्या तापमानालाही उडून जातं. द्रावक गेलं की थेंब घट्ट होतात, तेच मायक्रोस्फिअर. गाळून किंवा सेंट्रिफ्यूज करून थंड डिस्टिल्ड पाण्यानं तीनदा धुवा, मग लायोफिलायझरमध्ये (गोठवून सुकवणाऱ्या यंत्रात) सुकवा. ओव्हनमध्ये मुळीच टाकू नका. कोरडा पीएलजीए ४५ ते ५० अंशांच्या आसपास मऊ पडतो, आणि ओला असेल तर त्याहूनही कमी तापमानाला. कण एकमेकांना चिकटून त्यांचा एक पापुद्रा होतो.

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा म्हणजे थेंब घट्ट होण्याची पहिली काही मिनिटं. द्रावक किती वेगानं जातं यावर कण आतून भरीव होणार की सच्छिद्र, हे ठरतं. म्हणून बीकरचं तोंड किती रुंद, पाणी किती, तापमान किती, ढवळणारं पातं कोणतं, हे सगळं लिहून ठेवा. ‘१००० आरपीएम’ एवढंच लिहिलं तर वेगळं पातं आणि वेगळं बीकर घेऊन दुसऱ्याला तुमचा प्रयोग जमणार नाही.

मोठ्या कारखान्यांत स्प्रे ड्रायिंग आणि फेज सेपरेशनही वापरतात. तत्त्व कळायला वरची पद्धत पुरेशी आहे.

माझं औषध पाण्यात विरघळतं. कणात काहीच राहत नाही. काय करू?

ते बाहेरच्या पाण्यात पळतंय. पाण्यात विरघळणाऱ्या औषधासाठी दुहेरी इमल्शन करतात. औषधाचं थोडंसं पाणीदार द्रावण बर्फावर ठेवून डायक्लोरोमिथेनमधल्या पॉलिमरमध्ये सॉनिकेट करायचं (ध्वनिलहरींनी घुसळायचं), आणि ते दुधाळ मिश्रण पीव्हीएत ओतायचं. तरीही पळत असेल तर बाहेरच्या पाण्यात थोडं मीठ घाला. त्यामुळं आतल्या थेंबांकडे पाणी ओढलं जाणं कमी होतं. औषध आम्ल किंवा अल्कली असेल तर बाहेरच्या पाण्याचा पीएच असा ठेवा की ते आयनरूपात जाणार नाही. पॉलिमरचं द्रावण दाट केलं तरी फरक पडतो.

हिशेब असा मांडा. ८० मिलिग्रॅम पॉलिमर आणि २० मिलिग्रॅम औषध घेतलं, तर सैद्धांतिक लोडिंग, म्हणजे कणातला औषधाचा वाटा, २० टक्के. कण विरघळवून मोजलं आणि १४ टक्के निघालं, तर एन्कॅप्सुलेशन एफिशियन्सी, म्हणजे घातलेल्यापैकी कणात बसलेलं औषध, ७० टक्के. धुतलेलं पाणीही मोजा. उरलेलं ३० टक्के तिथं सापडलं पाहिजे. सापडलं नाही तर औषध वाटेत कुठंतरी मोडलंय किंवा मोजण्यात गफलत आहे.

कणाचा आकार किती असावा?

१० मायक्रॉनच्या खालचे कण शरीरातल्या मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी गिळतात, म्हणून ते जागेवर टिकतीलच असं नाही. वरची मर्यादा सुईची. २१ गेजच्या सुईचं आतलं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, पण कण पुंजक्यानं अडकतात, त्यामुळं १०० मायक्रॉनच्या वर गेलं की जपावं लागतं. सरासरी सांगून थांबू नका, आकाराचा पसारा सांगा. १०० मायक्रॉनच्या एका कणात १० मायक्रॉनच्या कणापेक्षा हजारपट माल बसतो. थोडेसे मोठे कण मिसळले तर बहुतेक औषध त्यांच्यातच असतं आणि सगळं वेळापत्रक तेच ठरवतात. चाळण्या वापरून आकार आवाक्यात आणणं कष्टाचं असलं तरी गरजेचं आहे.

पहिल्याच दिवशी ४० टक्के औषध सुटतं. हे चालेल का?

नाही. याला बर्स्ट म्हणतात. पृष्ठभागाला चिकटलेलं आणि छिद्रांच्या तोंडाशी असलेलं औषध पाणी लागताच निघून जातं. महिन्याच्या मात्रेतलं ४० टक्के म्हणजे एका दिवसात बारा दिवसांचं औषध! गोळीनं उलटी झाली तर पुढची गोळी टाळता येते. इथं माणसाला ते सगळं सोसावंच लागतं. लोडिंग कमी करा, पॉलिमर दाट करा, द्रावक सावकाश जाऊ द्या, कण चांगले धुवा. सूक्ष्मदर्शकाखालचा गुळगुळीत गोल फोटो पाहून हुरळून जाऊ नका. फोटो सुंदर आणि बर्स्ट भयंकर, असं खूपदा असतं.

उलट टोकाचं उदाहरण रिस्पेरिडोनचं आहे. त्या दोन आठवड्यांच्या इंजेक्शनमधून सुरुवातीला मात्रेच्या १ टक्क्याहूनही कमी औषध सुटतं आणि मुख्य भाग तिसऱ्या आठवड्यानंतर येतो. म्हणून पहिले तीन आठवडे सोबत गोळ्या द्याव्या लागतात. बर्स्ट शून्य असणंही नेहमी सोयीचं नसतं. पेशंटला केव्हा किती हवं आहे, ते आधी ठरवा.

रिलीज टेस्ट कशी करायची?

इथं घाई करू नका. माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टचा जीव या टेस्टमध्ये आहे. पीएच ७.४चा फॉस्फेट बफर घ्या, तापमान ३७ अंश. कण पाण्यावर तरंगू नयेत म्हणून किंचित ट्वीन ८० आणि बुरशी धरू नये म्हणून ०.०२ टक्के सोडियम अझाइड घाला. अझाइड विषारी आहे, हातमोज्यांशिवाय शिवू नका. ठरलेल्या दिवशी सेंट्रिफ्यूज करून वरचा बफर काढा, तेवढाच ताजा घाला आणि काढलेल्या बफरमधलं औषध एचपीएलसी या यंत्रावर मोजा. बफर एवढा घ्या की सगळं औषध सुटलं तरी तो संपृक्ततेपासून लांब राहील. डायलिसिस पिशवी वापरलीत तर औषध पिशवीतून बाहेर यायलाही वेळ लागतो. नुसत्या औषधाचं द्रावण पिशवीत भरून तो वेळ वेगळा मोजा.

महिनाभराचं औषध असेल तर टेस्टही महिनाभर चालली पाहिजे. सात दिवसांवरून महिन्याचा अंदाज बांधू नका. पीएलजीएमध्ये बहुतेक वेळा आधी बर्स्ट, मग बरेच दिवस जवळजवळ सपाट रेघ, आणि पॉलिमर कोसळायला लागला की पुन्हा उसळी, अशी तीन टप्प्यांची चाल असते. सातव्या दिवशी थांबलात तर ती उसळी दिसणारच नाही, आणि पेशंटला धोका तिथंच असतो. वेगवेगळ्या प्रकारे बनवलेले कण आपसात ताडून पाहायला ४५ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाची वेगवान टेस्ट करतात. पण ती ३७ अंशांच्या टेस्टशी जुळते हे आधी सिद्ध करावं लागतं, कारण पॉलिमर मऊ पडला की औषध सुटायची पद्धतच बदलते.

नुसतं औषध त्याच बफरमध्ये ३७ अंशांना तेवढेच दिवस ठेवून पाहा. ते तिथंच मोडत असेल तर तुमचा आलेख खोटं बोलतोय. शेवटी उरलेले कण विरघळवून आत किती शिल्लक आहे तेही मोजा. सुटलेलं आणि उरलेलं मिळून शंभराच्या जवळ आलं पाहिजे. आणि वळवाच्या पावसात लाइट जाते, याची सोय आधीच करून ठेवा. इन्क्युबेटर बॅकअपवर घ्या आणि आत तापमान नोंदवणारा छोटा लॉगर ठेवा. रात्रभर यंत्र बंद पडलं आणि कुणाला कळलंच नाही, तर महिन्याचा आकडा विश्वासाचा राहत नाही.

हिगुची की कोर्समेयर-पेपास, कोणतं मॉडेल बसवू?

ही दोन्ही औषध कसं सुटतं ते मांडणारी समीकरणं आहेत. आधी आलेख बघा. पेपासचं समीकरण पहिल्या ६० टक्क्यांपर्यंतच लागू पडतं. तीन टप्प्यांच्या आलेखावर एकच समीकरण लादून आर-स्क्वेअर (समीकरण आलेखाशी किती जुळतं त्याचा आकडा) ०.९८ आला, म्हणून काही सिद्ध होत नाही.

डायक्लोरोमिथेन धोक्याचं आहे का?

हो. शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि माणसात बहुधा कॅन्सर घडवू शकणाऱ्या पदार्थांत त्याची गणना आहे. पातळ नायट्राइल हातमोज्यातून ते काही मिनिटांत पार होतं. हातावर सांडलं तर हातमोजा लगेच काढून टाका. हूडशिवाय काम नको, बेसिनमध्ये ओतणं नको. तयार कणांत ते ६०० पीपीएमच्या आत असावं लागतं, आणि हे गॅस क्रोमॅटोग्राफीनं मोजतात. इथाइल अ‍ॅसिटेट जास्त सुरक्षित आहे, त्याची मर्यादा ५००० पीपीएम. पण ते पाण्यात बरंच विरघळतं, थेंबातून झटकन निघून जातं आणि कण सच्छिद्र होऊ शकतात. तेवढं सांभाळता आलं तर मी तेच घ्यायला सांगेन.

मायक्रोस्फिअर निर्जंतुक कसे करतात?

ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांना ते वितळतात, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून जात नाहीत, आणि गॅमा किरणांनी पॉलिमरच्या साखळ्या तुटून रिलीज बदलतो. म्हणून बहुतेकदा दोन्ही द्रावणं आधी गाळून, पुढचं सगळं काम निर्जंतुक खोलीत करतात. ही इंजेक्शनं महाग का, याचं मोठं उत्तर इथं आहे.

आपल्याकडच्या पावसाळ्यात पॉलिमर कसा जपायचा?

बेळगावच्या जुलै-ऑगस्टमधली दमट हवा पीएलजीएची वैरी आहे. बाटली सिलिका जेलसकट घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच झाकण उघडू नका. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. नाहीतर हवेतली वाफ थंड पॉलिमरवर धरते आणि तो बाटलीतच तुटायला लागतो.

यात लस किंवा प्रथिनं भरता येतात का?

टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर एके काळी देवीची लस तयार व्हायची, त्यामुळं हा प्रश्न आपल्याकडे आला की मला आनंद होतो. पॉलिमरमधून मोठी प्रथिनंही हळूहळू सोडता येतात, हे रॉबर्ट लँगर आणि ज्यूडा फोकमन यांनी १९७६ साली दाखवलं. एकाच टोचणीत पुढचे डोसही सुटावेत म्हणून धनुर्वाताच्या टॉक्सॉइडवर पुष्कळ काम झालं. अडचण अशी की द्रावक, जोरात घुसळणं आणि कणाच्या आत साठणारं अ‍ॅसिड या तिन्हींनी प्रथिनाची घडी मोडते. वाढीच्या हॉर्मोनचं असं इंजेक्शन अमेरिकेत १९९९मध्ये मंजूर झालं, पण बनवणं खर्चिक आणि किचकट ठरलं आणि २००४मध्ये ते बंद पडलं. काम अवघड आहे, पण करण्यासारखं आहे.

हळदीचा किंवा एखाद्या वनस्पतीचा अर्क भरू का?

शेजारी सांगलीची हळद आणि गावात पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची संस्था, त्यामुळं हा मोह होणारच. शुद्ध कर्क्युमिन घेतलंत तर विषय चांगला आहे. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून कणात नीट बसतं. पण ७.४ पीएचच्या बफरमध्ये ते लवकर मोडतं. वर सांगितलेली नुसत्या औषधाची चाचणी इथं टाळूच नका. अख्खा अर्क भरलात तर त्यातल्या शेकडो घटकांपैकी कोणता सुटला हे कसं मोजणार, याचं उत्तर आधी हवं.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दाखवता येईल असं काही?

येईल. सोडियम अल्जिनेटचं २ टक्के द्रावण खाण्याच्या रंगात मिसळा आणि सिरिंजनं थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या २ टक्के द्रावणात सोडा. लगेच मऊ मणी तयार होतात. ते साध्या पाण्यात टाकून रंग किती वेळात बाहेर येतो ते घड्याळ लावून मोजा. गार पाण्यात, कोमट पाण्यात, लहान मणी, मोठे मणी. रंग लवकरच निसटेल, आणि पोरं आपणहून विचारतील की तो रोखायचा कसा.

गावच्या आरोग्य केंद्रात हे इंजेक्शन देता येतं का?

डॉक्टरांच्या सूचनेनं आणि प्रशिक्षित नर्सच्या हातून देता येतं. बहुतेक पाकिटं २ ते ८ अंशांना ठेवायची असतात, म्हणून बेळगावहून नेताना थंड पेटी लागते. सोबत येणारं द्रावण आणि सोबतचीच सुई वापरायची; दुसऱ्या सलाइनमध्ये कण नीट मिसळत नाहीत आणि सुई तुंबते. मिसळल्यावर थांबायचं नाही, कण तळाशी बसतात. शिरेत कधीही द्यायचं नाही. टोचल्या जागी काही दिवस दुखणं किंवा टणकपणा असू शकतो. लाली वाढत गेली, पू झाला किंवा कातडी काळी पडली तर लगेच दवाखाना गाठा. पुढच्या तारखेचा कागद घरातला जो माणूस वाचणार, त्याला येत असेल त्या भाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, लिहून द्या.

इंजेक्शनची तारीख चुकली, पण पेशंट बरा दिसतोय. मग पुढचं नको ना?

हवंच, आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. रिस्पेरिडोनचंच बघा. आज दिलेल्या इंजेक्शनचं मुख्य औषध चौथ्या ते सहाव्या आठवड्यात रक्तात असतं आणि सातव्या आठवड्याच्या सुमाराला ओसरतं. त्यामुळं तारीख चुकल्यावर आठ-पंधरा दिवस माणूस शांत दिसतो तो मागच्या इंजेक्शनांमुळं. घरच्यांना वाटतं, औषधाशिवायही ठीक आहे. खड्डा पुढं येणार असतो, आणि तेव्हा नवं इंजेक्शन दिलं तरी त्यातलं औषध सुटायला तीन आठवडे लागतात. मधल्या दिवसांत गोळ्या द्यायच्या का, किती द्यायच्या, हे डॉक्टर सांगतील. घरात उरलेल्या जुन्या गोळ्या अंदाजानं देऊ नका. डॉक्टरांकडे जाताना मागच्या इंजेक्शनची तारीख आणि मात्रा लिहिलेला कागद सोबत न्या.